चौथी गाठ

सेलला जायचं ते आजीच्या पद्धतीनंच, यावर अखेर सगळ्यांचं एकमत झालं. धाकट्या सुनेचं झालेलं नव्हतं, पण ती चपला घालून दारात उभी होती, तेव्हा झालं असंच धरायचं.

आजीची पद्धत अशी की पोरांचे कपडे आणायला पोरांना न्यायचं नाही. हा नियम ढब्बूमुळे पडला होता. अगदी लहान असताना तो त्या सेलच्या दुकानात कोटांच्या गोल स्टँडमध्ये शिरून झोपून गेला, आणि दुकानाचं अर्धं शटर खाली आल्यावर एका कोटाखालून घोरण्याचा आवाज आला म्हणून सापडला. तेव्हापासून दुकानात पोरांच्या ऐवजी आजीची दोरी जायची.

जाडसर सुती दोरी, एके काळी पांढरी, आता पिठाच्या पिशवीच्या रंगाची. मानेच्या मणक्यापासून खाली गुडघ्यापर्यंत माप घ्यायचं, आणि गुडघा आला की गाठ मारायची. ढब्बूला शर्ट, म्हणून त्याचं माप कमरेखालीच थांबायचं. सगळी मापं एकाच टोकापासून, म्हणजे एका दोरीवर सगळी नातवंडं मावत. पहिली गाठ ढब्बूची, मग चिमणीची, मग काडीची. दरवर्षी शाळेच्या सुट्टीत जुन्या गाठी सोडून नव्या मारायच्या, सेलमधून सगळ्यांना एकाच कापडाचे कपडे आणायचे, आणि ते घालून घरच्यांचा फोटो. बैठकीच्या खोलीतली एक अख्खी भिंत त्या फोटोंनी भरली होती. अगदी डावीकडच्या फोटोत थोरला, धाकटा आणि त्यांची बहीण, तिघंही एकाच चट्ट्यापट्ट्यांत, उन्हानं डोळे बारीक करून उभी होती.

यंदा नातवंडं चार होती. किंवा तीन. मोजायचं कसं, ते कुणी बोलून दाखवत नव्हतं.

त्या भिंतीवरच्या बहिणीनं, म्हणजे या घरच्या लेकीनं, मागच्या वर्षी लग्न केलं होतं. जावई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. त्याची पहिली बायको वारली तेव्हा मुलगी नुकती बोलायला लागली होती. आता ती काडीच्या वर्गात शोभेल एवढी झाली होती. तिला चांगलं नाव होतं, पण काडीनं पहिल्याच भेटीत “ती नवी कुठेय?” असं विचारलं आणि तेच चिकटलं. मुलांच्या मनात काही नव्हतं. लेकीला मात्र ते दर वेळी टोचायचं. सुट्टीसाठी ती पोरीला घेऊन माहेरी आली होती, आणि पोरगी सगळ्यांशी नीट बोलत होती, पण लेकीला ती कुठल्याच नावानं हाक मारत नव्हती. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहायची आणि थेट वाक्यालाच सुरुवात करायची.

काल सकाळी आजीनं तिघांची मापं घेतली. नवी तेव्हा खिडकीशी चित्र रंगवत बसली होती. लेक स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. काडीची गाठ झाली, आजीनं दोरी गुंडाळली आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. खिडकीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. लेक वळून ओट्यापाशी गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुऊ लागली. आईला विचारावं, आई हिचं माप राहिलं, एवढंच म्हणावं, असं तिला दिवसभर वाटत राहिलं. पण विचारलं आणि आईनं नुसतं “बरं, घेऊ” म्हटलं तर ते मागून घेतल्यासारखं होईल. मागून घेतलेलं तिला नको होतं.

आता गाडीत ती मागच्या सीटवर आईशेजारी बसली होती, आणि आईच्या मांडीवरच्या पर्समध्ये ती दोरी होती.

दुकान म्हणजे पूर्वीचं फर्निचरचं गोदाम. वर ट्यूबलाइटच्या रांगा, खाली जाळीच्या मोठाल्या टोपल्या, आणि मधोमध लोखंडी स्टँडवर दाटीवाटीनं लटकलेले कपडे. मोठमोठ्या कंपन्यांचा उरलेला माल इथे यायचा. गळ्याशी असलेलं लेबल निम्मं कापलेलं, त्यामुळे साइजचा आकडा कधी असायचा, कधी नाही. म्हणून तर दोरीचं महत्त्व. आणि घेतलेला माल बदलून मिळणार नाही, असा फलक प्रत्येक खांबावर.

धाकटी सून इथे आली की तिला पंख फुटत. ती पार्लरमध्ये केस कापायची, आणि चेहऱ्याला काय शोभेल ते तिला लांबूनच कळायचं. टोपलीत कोपरापर्यंत हात घालून ती असा काही कपडा वर काढायची, की शेजारची अनोळखी बाई विचारायची, हा कुठे मिळाला. स्वस्तातलं स्वस्त घेऊन पोरीला असं नटवायचं, की मोठ्या दुकानातून आणलंय असं वाटावं, यात तिला जो आनंद होता तो तिला दुसऱ्या कशातच मिळत नसे. आणि नेमक्या याच कामात दरवर्षी सासूबाईंची दोरी आडवी यायची. सगळ्यांना एकच कापड. भिंतीवर बँडपथक.

येताना गाडीत तिनं विषय काढून पाहिला होता. हल्ली असं कुणी करत नाही, प्रत्येक मुलाचा रंग वेगळा असतो, चिमणीला पिवळा खुलतो आणि काडीला अजिबात नाही, वगैरे. थोरली सून गाडी चालवत होती. ती म्हणाली, माझी काडी काळी आहे असं सरळ म्हण की, मी काही गाडी थांबवून तुला उतरवणार नाही. त्यावर सगळ्या हसल्या, आणि विषय तिथेच राहिला.

पण तिथे सोडणारी धाकटी नव्हती. टोपलीशी लेक एकटी सापडल्यावर तिनं हळूच तिचा हात धरला. म्हणाली, ताई, मला कळतं हो तुमच्या मनात काय आहे ते. आईंनी तिचं माप घेतलं नाही, मी पण बघितलं. मग एक करू या. सगळ्यांनाच वेगवेगळे घेऊ. चौघं चार रंगांत. म्हणजे कोण आपलं, कोण नवं, असं काही दिसणारच नाही फोटोत. तुम्ही फक्त माझ्या बाजूनं बोला.

लेकीला ते पटलं. निदान पटल्यासारखं वाटलं. एवढ्या दिवसांत या विषयावर तिच्याशी कुणी सरळ बोललंच नव्हतं, त्यामुळे धाकटीचा स्वतःचाही त्यात लाभ आहे, हे दिसत असूनही तिला बरं वाटलं.

तिकडे थोरलीनं कापड शोधलं होतं. थोरली इस्पितळात वॉर्डची सिस्टर, तिची निवड वेगळ्याच अंगानं चालायची: धुतल्यावर डाग जाईल का, गुंडी ओढली तर हातात येईल का, घाईत डोक्यातून नीट उतरेल का. आणि नवल म्हणजे तिला सापडलेलं धाकटीलाही आवडलं. मोहरीच्या रंगावर बारीक पांढरी चौकडी, गोल कॉलर, पुढे दोन खरेखुरे खिसे. चिमणीच्या मापाचा फ्रॉक होता, काडीच्या मापाचा होता, आणि त्याच कापडाचा ढब्बूचा शर्ट. धाकटीनं फ्रॉक हातात घेऊन उलटा केला, शिवण बघितली, पुन्हा सुलटा केला. काही बोलली नाही. तिचं हे न बोलणं थोरलीला पुरेसं होतं.

“झालं की मग,” थोरली म्हणाली. “काढा दोरी, आई.”

तेव्हा लेकीनं धाकटीकडे पाहिलं, आणि धाकटीनं घसा साफ केला. कापड सुंदर आहे यात वाद नाही, पण यात तीनच नग आहेत, असं तिनं सुरू केलं. चौथा नाही. तर यंदाच्या वर्षी एकसारखे नकोच, प्रत्येकाला वेगळे घेऊ, आणि ताईंचंही तेच म्हणणं आहे. मग तिनं लेकीला कोपरानं हलकंच ढोसलं. लेक म्हणाली, हो, मलाही तसंच वाटतं. आवाज तिला हवा होता त्याहून लहान निघाला.

थोरलीनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. वॉर्डात रोग्याचा ताप उतरला म्हणून नातेवाईक सांगत असताना ती अशीच बघायची.

“ताई, तू खरं बोल,” ती म्हणाली. “चौघांना चार रंग घेतले, तर यंदा का घेतले ते त्या पोरीला कळणार नाही? भिंतीवर इतके फोटो आहेत. ती आल्यापासून रोज बघतेय ते. ती आली म्हणून एकसारखं बंद झालं, हेच तिला दिसेल.”

लेक टोपलीतल्या एका कपड्याची उगाच घडी घालू लागली.

“आणि आपल्या तिघांना एक आणि तिला दुसरं, हे तर त्याहून वाईट. ती कडेला उभी राहील आणि शेजारपाजारची पाहुणी दिसेल. तेही कायमची, खिळा ठोकून.” मग थोरली सासूकडे वळली. “आई, मी विचारणार नव्हते, पण आता विचारते. नवीचं माप का नाही घेतलंत?”

लेकीला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. थोरली आपल्या विरुद्ध आहे, असं ती सुट्टीभर धरून चालली होती. नवीला ती काडीसारखंच दटावायची, जेवताना काडीसारखंच ताटातलं संपवायला लावायची. लेकीला तो जाच वाटायचा. काडीसारखंच, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

आजीला आठवत होतं ते निराळंच. लग्नानंतर पोरगी पहिल्यांदा घरी आली, तेव्हा आजीनं कौतुकानं दोरी काढली होती. ये गं, बघू केवढी आहेस, असं म्हणून पुढे झाली, आणि पोरगी मागे सरकून बापाच्या पाठीशी गेली. बापाचा शर्ट मागून मुठीत धरला. आजीनं दोरी पदराखाली घेतली. अंगाला हात लावून घ्यायचा की नाही, हे पोरीनंच ठरवायचं. आपण वाट बघावी. ती आपणहून आली तर घ्यावं माप. काल खिडकीकडे आजीनं मुद्दामच बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर ते बोलावल्यासारखं झालं असतं, आणि मोठ्या माणसानं बोलावल्यावर मूल नाही कसं म्हणणार?

हे सगळं सेलच्या दुकानात, खांबाला टेकून, कसं सांगायचं? लेकीला वेगळं वाटत असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिनं नुसतीच पर्स उघडली आणि दोरी बाहेर काढली. निदान हातांना काम हवं म्हणून ती गुंडाळी सोडू लागली.

ढब्बूची गाठ आली, चिमणीची आली, काडीची आली. आणि काडीच्या पुढे, चांगलीच खाली, आणखी एक गाठ होती.

धाकटी म्हणाली, मागच्या वर्षीची सोडायची राहिली असेल. थोरली म्हणाली, मागच्या वर्षी काय आपल्याकडे उंट होता का, एवढं लांब पोर कुठलं? काडी सगळ्यांत उंच, आणि नवी तर काडीपेक्षा बोटभर कमीच. चुकून बसली असेल गाठ, सोडून टाका, उगाच घोटाळा नको.

आजीनं गाठीला नख लावलं. तिच्या स्वतःच्या गाठी गोल, वाटाण्यासारख्या, नखानं सुटणाऱ्या. ही चपटी होती. दोरीच्या जाडीत जवळजवळ मिसळून गेलेली. बोट फिरवलं तरच लागायची. आजोबांनी सगळा जन्म पुस्तकबांधणीत काढला होता. पानांची जुडी शिवून झाली की पुठ्ठ्याखाली फुगवटा येऊ नये म्हणून बाइंडर लोक दोऱ्याला अशी गाठ मारतात. घरातल्या चादरीची फाटकी किनार असो, की लेकीच्या लहानपणचं तुटलेलं दप्तर, आजोबांनी बांधलेलं काही सोडायचं म्हटलं की आजी कात्रीच घ्यायची.

“सुटणार नाही ही,” आजी म्हणाली. “राहू दे. हिच्या मापाचा बघा याच कापडात.”

“पण आई, कुणाचं आहे हे?”

“आहे एकीचं.”

लेक म्हणाली, राहू दे ना आई, मी तिला तो साधा निळा घेते, तिच्या अंगालाही बरोबर बसेल. आजीनं मान हलवली. गाठ सांगते तेवढाच घ्यायचा. अंदाजानं घ्यायचं असतं तर दोरी कशाला आणली असती?

यानंतर जे झालं त्याचं धाकटीला स्वतःलाच मागाहून हसू आलं. एकसारखं कापड मोडून काढायला निघालेली ती, बाह्या सरसावून टोपलीत वाकली, आणि गुडघ्यांवर बसून तळापर्यंत उपसू लागली. थोरली वरून एकेक कपडा धरत होती आणि दोघी जावा एकमेकींना “हा मोहरी नाही गं, हा हळदी आहे” असं ऐकवत होत्या. टोपली रिकामी झाली. काही नाही. मग धाकटी बायकांच्या कुर्त्यांच्या स्टँडकडे गेली, कारण लांब म्हणून कुणीतरी तिथेच टांगला असणार, असा तिचा होरा. आणि तिथे तो होता. तीच चौकडी, तेच दोन खिसे. आजीनं गळ्याला दोरी लावली. गाठ बरोबर फ्रॉकच्या काठावर आली.

घरी आजोबा चार पोरांना सांभाळत होते, म्हणजे पोरं त्यांना सांभाळत होती. पेपर तोंडासमोर होता, पण लक्ष फाटकाकडे. काल दुपारी सगळी झोपलेली असताना ती पोरगी खिळ्यावरची दोरी घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली होती, आणि नेहमीसारखं थेट वाक्यालाच सुरुवात करून म्हणाली होती, हे वरून धरा, मी खाली बघते. त्यांनी काही विचारलं नाही. विचारायची त्यांना सवयच नव्हती. तिच्या अंगाला उगाच हात लागू नये म्हणून दोरीचं टोक जरा लांबून, तिच्या कानाशी धरलं. तिनं गुडघ्याशी बोट ठेवलं. गाठ मात्र त्यांनी मारली, कारण तिला जमेना. सांगू नका, असं ती म्हणाली नव्हती. पण सांगा, असंही म्हणाली नव्हती. म्हणून ते गप्प राहिले, आणि सकाळपासून आपण बरोबर केलं की चूक, याचा घोळ मनात घालत बसले.

पिशव्या आल्या. काडीनं फ्रॉक घातला, चिमणीनं घातला, ढब्बूनं शर्टाच्या खिशांत लगेच काहीतरी भरलं. आजीनं चौथा फ्रॉक काढला आणि कुणाचंही नाव न घेता पुढे धरला. नवी खिडकीशी होती. तिनं एकदा फ्रॉककडे पाहिलं, एकदा आजोबांकडे, आणि उठून तो घेतला.

आतून बाहेर यायला तिला वेळ लागला. आली तेव्हा फ्रॉक पोटऱ्यांच्या मध्यापर्यंत आला होता. काडी तोंडावर हात ठेवून हसली, आणि थोरलीनं नुसतं पाहिल्यावर थांबली.

“दोरी कुठून धरली होतीत?” आजीनं विचारलं.

आजोबांनी आपल्या कानाला बोट लावून दाखवलं.

“कानापासून फ्रॉक,” आजी म्हणाली. “एवढी वर्षं घरात मापं घेतली जातायत, आणि तुम्ही बघत काय होतात?”

लेकीला सगळं उलगडत गेलं. माप राहिलं म्हणून ती स्वतः गप्प बसली होती. पोरीनं जाऊन दोरी घेतली होती. आणि आईनं दुकानात ती गाठ ओळखली होती.

आजी टाचण्यांचा डबा घेऊन खाली बसली. दुमडून देते, म्हणाली, फोटोपर्यंत होईल, कुणाला कळणारही नाही. पोरीनं दोन्ही हातांनी फ्रॉक खाली दाबून धरला.

“नको.”

“अगं, लांब होतोय ना.”

“पुढच्या वर्षी बरोबर होईल,” पोरगी म्हणाली.

ढब्बूच्या खिशातून एक खडू खाली पडला, तो त्यानं उचलून परत ठेवला. आजीनं टाचण्यांचा डबा बंद केला. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू, पण चुकलेलं माप दोरीवर ठेवायचं नाही, असं ती आपल्याशीच पुटपुटली, आणि फ्रॉकच्या खिशांवरच्या काल्पनिक सुरकुत्या तळहातानं सारख्या केल्या. मग दोरीचं वरचं टोक तिनं लेकीकडे दिलं.

“तू धर. मानेच्या मणक्यावर. कानावर नको.”

आजोबांनी पेपर वर घेतला.

लेक पोरीच्या मागे गेली, आणि टोक हातात घेऊन तशीच उभी राहिली. पोरगी क्षणभर थांबली. मग तिनं मान खाली घातली, आणि दोन्ही हातांनी आपले केस वर उचलून धरले.